औषधांची भावकी आणि संगणकाचा इशारा

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास डाव्या हाताला उजनीच्या फुगवट्याचे पाणी अधूनमधून दर्शन देत राहते, आणि तालुक्याचे गाव गाठण्यापूर्वी लोणी देवकर लागते. तालुक्याची औद्योगिक वसाहत याच गावाच्या शिवारात वसलेली असल्यामुळे, आणि भोवताली उसाचे बागायती क्षेत्र दूरवर पसरलेले असल्यामुळे, येथल्या लोकवस्तीला जी एक चंचलता प्राप्त झाली आहे तिचा आरोग्याच्या दृष्टीने विचार झालेला क्वचितच आढळतो. कारखान्यांतून काम करणारे परप्रांतीय मजूर, गळिताच्या हंगामात बीड आणि अहिल्यानगरकडून टोळ्याटोळ्यांनी येऊन थळावर कोप्या घालणारे ऊसतोड कामगार, जलाशयावर जाळी टाकणारे मच्छीमार, महामार्गावरचे मालमोटारवाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मातीत राहिलेले शेतकरी हे सगळे आजारी पडतात तेव्हा त्याच दोन-चार दवाखान्यांच्या बाकांवर येऊन बसतात. त्यांचा देह तिथे हजर असतो. त्यांचे वैद्यकीय पूर्ववृत्त मात्र बहुधा दुसऱ्याच कुठल्या तालुक्यात, दुसऱ्याच कुठल्या केसपेपरावर, आणि पुष्कळदा कुठेच नसते.

या पूर्ववृत्तातील अत्यंत महत्त्वाचे कलम म्हणजे कोणते औषध या माणसाला सोसत नाही हे. हा प्रश्न विचारला जात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्याला मिळणारी उत्तरे ज्याने ऐकली आहेत त्याला त्यातली अडचण सांगावी लागणार नाही. "सुई दिली आन् समदं अंग लाल झालं", "भिगवणला घेतलेली पांढरी गोळी होती, नाव काय ठावं नाही", "पित्त उठलं होतं, दोन दिसांत बसलं" अशा स्वरूपाची ती उत्तरे असतात. अंगावर उठलेल्या गांधींना आपल्याकडे सर्रास पित्त म्हणण्याची रीत असल्यामुळे, औषधाने घडलेला विकार पचनाच्या खात्यावर जमा होतो आणि खरा अपराधी दप्तरात कधी रुजूच होत नाही. पुढच्या खेपेस तेच औषध निराळ्या वेष्टनात, निराळ्या नावाने समोर येते, आणि या वेळी प्रतिक्रिया गांधींवर थांबेलच याची हमी कोणालाही देता येत नाही.

मूळ विषय समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना अल्प प्रमाणात टोचून पाहिले, आणि काही आठवड्यांनी तीच मात्रा, किंबहुना तिच्याहूनही कमी, पुन्हा दिली असता प्राणी काही मिनिटांतच मरण पावल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. पहिल्या ओळखीने शरीर सावध होते, पण ही सावधगिरीच दुसऱ्या भेटीत प्राणघातक ठरू शकते, हा विपरीत सिद्धांत त्यातून पुढे आला आणि रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला अ‍ॅलर्जी हे नाव दिले. पुढे पेनिसिलीन आले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना त्याचा सुगावा १९२८ साली लागला, दुसऱ्या महायुद्धात ते रुग्णशय्येपाशी पोचले, आणि १९४९ साली त्याच्या इंजेक्शनाने उद्भवलेल्या अशाच तीव्र प्रतिक्रियेने मृत्यू ओढवल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात झाली. पुणे जिल्ह्याचा या औषधाशी संबंध तेव्हापासूनचा आहे, कारण स्वतंत्र भारताचा पेनिसिलीनचा पहिला सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरी येथेच स्थापन झाला. न्युमोनिया, घटसर्प, सांध्यांच्या तापातून जडणारा हृदयविकार यांच्याशी या औषधाने केलेला सामना ज्यांनी पाहिला, त्या पिढीच्या डॉक्टरांना पेनिसिलीनची भक्ती आणि भीती दोन्ही सारख्याच प्रमाणात होती.

औषधाचा रेणू आकाराने इतका लहान असतो, की एकट्याने तो शरीराच्या संरक्षक यंत्रणेच्या नजरेतही भरू नये; पण रक्तातील एखाद्या प्रथिनाला तो चिकटला, की त्या जोडीला परकीय समजून शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते, ती विशिष्ट पेशींवर दबा धरून बसतात, आणि पुढच्या वेळी तोच रेणू आला म्हणजे त्या पेशी हिस्टॅमिनादी द्रव्ये एकाएकी रक्तात सोडतात. गांधी, ओठ-डोळ्यांची सूज, श्वास कोंडणे, रक्तदाब घसरणे हा त्याचा क्रम. याखेरीज दुसरा एक मंद पण तितकाच भीषण प्रकार आहे, ज्यात आठ-पंधरा दिवसांनी कातडी भाजल्यासारखी सोलून निघते; सल्फा गटातील प्रतिजैविके आणि फेफऱ्यावरची कार्बामाझेपिनसारखी औषधे यांच्याबाबत तो विशेष ओळखीचा आहे.

आता डॉक्टरांच्या बाजूने पाहू. रुग्णाने सुदैवाने "मला पेनिसिलीन चालत नाही" असे स्वच्छ सांगितले, तरी बाजारात पेनिसिलीन या नावाने फारच थोडी औषधे मिळतात. ऑगमेंटिन या नावात पेनिसिलीनचा मागमूसही नाही, पण त्यात अमॉक्सिसिलिन आहे आणि अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलीनच होय. कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडगोळी, सेप्ट्रान म्हणजे सल्फामेथॉक्साझोल व ट्रायमेथोप्रिम. आपल्या देशात एकाच घटकाची शेकडो व्यापारी नावे प्रचलित आहेत, आणि वर एकाच गोळीत दोन, तीन, कधी चार घटक कोंबण्याची जी हौस आपल्या औषधबाजाराला आहे तिला आवर घालण्यासाठी केंद्र सरकारला २०१६ साली ३४४ मिश्रणांवर बंदीचा हुकूम काढावा लागला. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने त्याच वर्षी डॉक्टरांना औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्याची ताकीद दिली. तिचा अंमल किती झाला हे कुठल्याही मेडिकलवाल्याच्या गल्ल्याजवळ दहा मिनिटे उभे राहिले तरी कळण्याजोगे आहे. सत्तर-ऐंशी रुग्णांच्या गर्दीत प्रत्येक व्यापारी नावामागचे प्रत्येक द्रव्य, आणि प्रत्येक द्रव्याचे नातेवाईक, एखाद्या डॉक्टराने सदैव ध्यानात ठेवावे ही अपेक्षा माणसाच्या स्मरणशक्तीवर जुलूम करणारी आहे.

हे ओझे यंत्रावर टाकता येईल ही कल्पना संगणकाइतकीच जुनी नसली तरी बरीच जुनी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ या तरुण संशोधकाने मायसिन नावाची जी प्रणाली रचली, तिच्यात रक्तातील जंतुसंसर्ग कोणता असावा आणि त्यावर कोणते प्रतिजैविक द्यावे याविषयीचे सुमारे सहाशे नियम "असे असेल तर तसे" या घाटात साठवलेले होते, आणि औषध सुचविण्यापूर्वी ती रुग्णाच्या अ‍ॅलर्जीची चौकशी करून त्याप्रमाणे शिफारस बदलत असे. मला तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की डॉक्टरने "हे का?" असे विचारल्यास ती आपल्या निष्कर्षामागचा नियम दाखवून देई. हल्ली अफाट मजकूर गिळून बोलणाऱ्या ज्या यंत्रांचा गाजावाजा चालू आहे त्यांना अशी खात्रीची कैफियत देता येत नाही, आणि जिथे एका चुकीची किंमत प्राण असू शकते तिथे कैफियतीवाचून आलेला हुकूम मानावा की नाही याचा विचार डॉक्टरने अवश्य करावा. मायसिन कधी प्रत्यक्ष रुग्णालयाच्या नित्य वापरात आली नाही. तिचे बीज मात्र पुष्कळ ठिकाणी रुजले.

नियमांचा ढीग रचून भागत नाही हे तेव्हाच ध्यानी आले होते. हजार औषधांसाठी हजार वेगवेगळे मनाईहुकूम लिहिले, तर उद्या बाजारात आलेल्या हजार-एकाव्या औषधाला मोकळे रान मिळते. म्हणून पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी नियमांच्या आधी नात्यांची मांडणी हाती घेतली, आणि संगणकीय ज्ञानप्रतिमान म्हणतात ते हेच. गावात नवखा माणूस आला, तर जाणते लोक त्याचे नाव नंतर आणि आडनाव, मूळ गाव, मामाकूळ आधी विचारतात, कारण एकदा भावकी कळली की त्याच्याविषयीच्या निम्म्या गोष्टी न सांगता कळतात. औषधांच्या बाबतीत हे ज्ञानप्रतिमान तीच चौकशी करते. अमुक व्यापारी नावाच्या गोळीत अमुक द्रव्य आहे, ते द्रव्य अमुक गटाचे आहे, तो गट अमुक रासायनिक कुळातला आहे, या कुळाचा अमुक अवयव प्रतिक्रियेला कारण होतो, अशी लहान लहान विधाने त्यात नोंदवलेली असतात, आणि तर्कशास्त्राच्या काटेकोर नियमांनी यंत्र त्यांची सांगड घालते. रुग्णाच्या नोंदीत "पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी" एवढेच असले आणि डॉक्टरने ऑगमेंटिन लिहिले, तर त्या दोघांना जोडणारे वाक्य कोणी आगाऊ लिहून ठेवलेले नसतानाही यंत्र तीन पायऱ्या चढून तिथे पोचते आणि इशारा देते.

या कामाचे भारतातले मुख्य ठाणे लोणी देवकरहून त्याच महामार्गाने सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास, पुण्यात आहे. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली स्थापन झालेली आणि परम महासंगणकामुळे घरोघरी ठाऊक झालेली सी-डॅक ही संस्था गेली कित्येक वर्षे वैद्यकीय माहितीशास्त्रातही काम करीत आली आहे. स्नोमेड सीटी या नावाचा वैद्यकीय संकल्पनांचा एक विशाल आंतरराष्ट्रीय संग्रह आहे. अमेरिकेतील विकृतितज्ज्ञांच्या आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या दोन जुन्या संग्रहांच्या एकत्रीकरणातून तो २००२ साली सिद्ध झाला, आणि आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. भारत २०१४ साली त्याचा सभासद झाला, त्यामुळे आपल्याकडील कोणासही तो विनामूल्य वापरता येतो, आणि देशातील त्याच्या वितरणाचे केंद्र सी-डॅककडे पुण्यात आहे. त्या संग्रहात "पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी" या संकल्पनेला ९१९३६००५ हा क्रमांक आहे. डॉक्टरने ती मराठीत लिहिली, तमिळमध्ये लिहिली, वा कोणी नुसतेच पीसीएन असे खरडले, तरी नोंद या एकाच क्रमांकावर येऊन ठरते, आणि त्या क्रमांकाला "कारक द्रव्य: पेनिसिलीन" असा संबंध कायमचा जोडलेला असतो. परदेशी संग्रहात भारतीय बाजारातील नावे असणार कुठून? ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्या देशातील व्यापारी नावे, त्यांतील घटक आणि मात्रा यांची जी स्वतंत्र संकेतावली याच केंद्राकडून सिद्ध केली जाते, ती कॉमन ड्रग कोड्स फॉर इंडिया या नावाने ओळखली जाते. तिचे काम मोठे किचकट आणि कारकुनी आहे. कीर्ती मिळवून देणारे तर मुळीच नाही. पण सगळ्या तर्काचा डोलारा उभा आहे तो अशा कारकुनीवरच.

नात्यांची मांडणी जितकी बारीक, तितका इशारा नेमका, हे सेफॅलोस्पोरिन गटाच्या उदाहरणावरून चांगले दिसते. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन यांच्या रचनेत बीटा-लॅक्टम हे वलय सामाईक असल्यामुळे, एक चालत नसेल तर दुसरेही देऊ नये असा शिरस्ता अनेक वर्षे पाळला गेला, आणि शंभरात दहा जणांना दोन्ही बाधतात असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाई. अलीकडच्या अभ्यासांनी हे प्रमाण दोनच्या आसपास आणून ठेवले आहे, आणि बाधेचे मूळ बहुतांशी त्या सामाईक वलयात नसून वलयाला जोडलेल्या पार्श्वशाखेत असते असे दाखविले आहे. अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन यांच्या पार्श्वशाखा एकमेकींसारख्या, म्हणून तिथे धोका खरा. सेफाझोलिनची पार्श्वशाखा अगदी निराळी, म्हणून तिथे तो नगण्य. जुने प्रतिमान कूळ पाहून सगळ्यांनाच दाराबाहेर ठेवी. नवे प्रतिमान ती शाखा तपासते. सल्फाच्या बाबतीत घोटाळा याहून मोठा आहे, कारण सल्फा प्रतिजैविकाने अंगावर चट्टे उठलेल्या माणसाला केवळ रेणूतील एका सामाईक तुकड्यामुळे फ्युरोसेमाइडसारखे लघवीवाटे पाणी काढणारे औषध किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी नाकारण्याला आज शास्त्राचा फारसा आधार उरलेला नाही. याउलट, अ‍ॅस्पिरिनने ज्याचा दमा उसळतो त्याला डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन यांचाही धोका असतो, आणि हे तिघे रासायनिकदृष्ट्या एका घरचे नाहीत; त्यांचे साम्य एकच विकर रोखण्याच्या त्यांच्या कृतीत आहे. म्हणजे प्रतिमानाला रचनेचे नाते कळले पाहिजे आणि कृतीचेही. कार्बामाझेपिनच्या त्या कातडी सोलणाऱ्या विकारात एचएलए-बी १५:०२ या आनुवंशिक प्रकाराचा संबंध सिद्ध झाल्यापासून, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली आशियाई वंशाच्या रुग्णांत त्याची तपासणी सुचविल्यापासून, माणसाचे जनुकही या मांडणीत येऊन बसले आहे.

आता एका रिकाम्या जागेविषयी. केसपेपरावर अ‍ॅलर्जीचा रकाना असतो आणि तो बहुधा कोराच असतो. कोऱ्या रकान्याचा अर्थ काय? विचारले आणि काही नाही असे कळले, की विचारलेच नाही, की विचारले पण रुग्ण बेशुद्ध होता? घाईतला माणूस कोऱ्याचा अर्थ "काही नाही" असा करतो. ज्ञानप्रतिमानांचे तर्कशास्त्र या बाबतीत आपल्याहून प्रामाणिक आहे, कारण त्याचा पायाच असा आहे, की जे सांगितलेले नाही ते खोटे आहे असे समजू नये, ते केवळ अज्ञात आहे. म्हणून "ज्ञात अ‍ॅलर्जी नाही" ही त्यात एक स्वतंत्र, सक्रिय नोंद असते, जी कोणीतरी विचारूनच करावी लागते. हंगामापुरत्या आलेल्या मजुराच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. त्याच्याविषयी आपल्याला काही ठाऊक नाही एवढेच जरी यंत्राने ठसठशीतपणे सांगितले, तरी इंजेक्शन देणारा हात क्षणभर थांबून चौकशी करील, आणि दिल्यानंतर अर्धा तास तरी रुग्णाला बाकावर बसवून ठेवील.

इतके सगळे असूनही ज्या देशांनी ही यंत्रणा वर्षानुवर्षे वापरली त्यांचा अनुभव सरळ यशाचा नाही, आणि आपण तो मन लावून वाचला पाहिजे. बॉस्टनच्या डेव्हिड बेट्स यांनी १९९८ साली दाखविले, की औषधयोजना संगणकावरून लिहिल्याने गंभीर चुका निम्म्याहून कमी होतात. हे उत्साहवर्धक होते. पण त्याच शहरातील रुग्णालयांच्या २००४ ते २०१३ या काळातील नोंदी तपासल्या असता, संगणकाने दिलेल्या अ‍ॅलर्जीच्या दर शंभर इशाऱ्यांपैकी आरंभी सुमारे ८३ आणि शेवटी सुमारे ८७ डॉक्टरांनी बाजूला सारले होते, असे आढळले. हा डॉक्टरांचा उद्दामपणा समजणे चुकीचे होईल. बहुसंख्य इशारे खरोखरच निरर्थक होते, कारण नोंदीच निरर्थक होत्या: कोणाला गोळीने मळमळले होते, कोणाला जुलाब झाले होते, आणि ते सगळे "अ‍ॅलर्जी" या एकाच मथळ्याखाली जमा केले गेले होते. आपल्याकडे लोहाच्या गोळ्यांनी पोटात ढवळले म्हणून "आयर्न चालत नाही" असे गरोदर बाई सांगते आणि तसे लिहिले जाते, तो याच जातीचा प्रकार. जे यंत्र ऊठसूट ओरडते त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि त्या दुर्लक्षात शंभरांतला एक खरा इशाराही बुडून जातो. म्हणून चांगल्या प्रतिमानात खरी अ‍ॅलर्जी, असहनशीलता आणि ठाऊक असलेला उपद्रव यांची खाती वेगळी ठेवतात, आणि पडदा अडवून धरणारा इशारा फक्त पहिल्यासाठी, तोही तीव्र असल्यासच, राखून ठेवतात.

खोट्या नोंदींचे नुकसान मोठे आहे. अमेरिकेत दर दहा माणसांतील सुमारे एकाच्या नावावर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते, आणि रीतसर परीक्षा केल्यावर त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ते औषध निर्वेधपणे चालते असे दिसून येते. खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकीही सुमारे ऐंशी टक्के लोकांची ती दहा वर्षांत मावळून जाते. या खोट्या शिक्क्यापायी माणसाला महागडी आणि जंतूंना निर्ढावणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० साली पेन-फास्ट नावाची एक सोपी मोजपट्टी तयार केली: प्रतिक्रिया पाच वर्षांच्या आत आली होती का, ती जीवघेणी किंवा कातडी सोलणारी होती का, आणि तिच्यावर उपचार करावे लागले होते का, एवढ्या तीन प्रश्नांच्या गुणांवरून धोका अल्प असलेले रुग्ण निवडता येतात आणि देखरेखीखाली गोळी देऊन शिक्का पुसता येतो. ही मोजपट्टी संगणकात घालायला एक दुपार पुरेल. परंतु तिच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मूळ नोंदीत असायला हवीत, आणि "पेनिसिलीन अ‍ॅलर्जी" या दोन शब्दांत त्यांतले एकही उत्तर नसते. ज्ञानाच्या बाजूने आपण आता पुष्कळ पुढे आलो आहोत; अडले आहे ते नोंदीच्या बाजूला, आणि ती नोंद पुण्यात बसून कोणाला करता येण्याजोगी नाही.

मनाई करणे एवढेच या प्रतिमानाचे काम नव्हे, हे सर्पदंशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. उसाच्या फडात नाग, घोणस, मण्यार यांची गाठ पडणे अनपेक्षित नाही. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारी सर्पविषप्रतिबंधक लस, जी हाफकिन महामंडळाच्या पिंपरी येथील विभागात अनेक वर्षे बनत आली आहे, तिने तीव्र प्रतिक्रिया येणे ही नेहमीच्या अनुभवातली गोष्ट आहे. म्हणून काय विष चढलेल्या माणसाला ती नाकारायची? तिथे यंत्राने सांगायचे ते हे, की औषध द्या, पण अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवा. दर वेळी हो किंवा नाही असे दोनच शब्द बोलणारी प्रणाली अशा प्रसंगी निरुपयोगी ठरते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला, आणि त्याखाली मिळणाऱ्या चौदा अंकी आभा क्रमांकाला जोडलेली कागदपत्रे, रुग्णाने संमती दिल्यास, एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. त्या कागदपत्रांचा साचा ठरविण्याचे कामही पुण्याच्या त्याच केंद्राने केलेले आहे आणि त्यात अ‍ॅलर्जीसाठी घटक, लक्षण, तीव्रता अशा वेगवेगळ्या जागा आहेत. बीडकडे कुठेतरी झालेली नोंद लोणी देवकरच्या डॉक्टरला दिसावी अशी तजवीज कागदोपत्री झाली आहे. परंतु क्रमांक काढून घेणे ही एक गोष्ट आणि त्याच्यामागे नोंदी साठणे ही दुसरी. पहिली शिबिरात पाच मिनिटांत होते. दुसरीसाठी खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरने वहीऐवजी संगणकावर लिहिले पाहिजे, आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीवाचून परस्पर दिलेली गोळीही कुठेतरी लिहिली गेली पाहिजे. आरोग्य उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आहेत, गावात आशाताई आहेत. सध्याच्या स्थितीत या नोंदीला हात घालण्याजोगी माणसे तीच आहेत असे मला वाटते, मात्र त्यांच्या माथी असलेल्या रजिस्टरांच्या संख्येत आणखी एकाची भर घालण्यापूर्वी दोन कमी करावीत.

ज्याला औषधाने खरोखर बाधा झाली असेल त्याने यंत्राची वाट न पाहता, घरी जाण्यापूर्वी, डॉक्टरांकडून एका कागदावर औषधाचे मूळ नाव, तारीख, औषध घेतल्यापासून किती वेळाने काय झाले, आणि त्यावर काय द्यावे लागले एवढे लिहून घ्यावे, आणि तो कागद आधारपत्राबरोबर ठेवावा. रिकामे पाकीट सापडल्यास तेही. तीव्र प्रतिक्रियेत पहिले औषध अ‍ॅड्रेनालिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. एव्हिल आणि डेक्सोना यांची इंजेक्शने प्रथम देऊन वाट पाहण्याचा जो प्रघात पडला आहे त्यात मोलाची मिनिटे जातात. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र २०११ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. रुग्णाने स्वतः भरावयाचा त्यांचा अर्ज मराठीतही मिळतो, आणि ज्याला अर्ज भरणे जमत नाही त्याला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर आपली हकीकत तोंडी सांगता येते.